पॉलिमिक्सिनचे कार्ट्रिज आणि आमची संमती

एंडोटॉक्सिन हा विषय मी पदवीच्या वर्गाला अनेक वर्षे शिकवत आले आहे. ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात लिपोपॉलिसॅकराइड नावाचा मोठा रेणू असतो, त्याच्या मुळाशी असलेला लिपिड-ए हा भाग विषारी असतो, आणि जिवाणू मरून फुटला की आवरणात अडकलेले हे विष, म्हणजेच एंडोटॉक्सिन, मोकळे होते, एवढे सांगून झाले की मी रिचर्ड फायफर यांच्याकडे वळते. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत काम करताना १८९२ च्या सुमारास त्यांनी दाखवून दिले होते की पटकीचे जंतू उष्णतेने मारून टाकले तरी त्यांच्यातले विष शिल्लक राहते. हेच फायफर पुढे १८९७ मध्ये जर्मन प्लेग आयोगाबरोबर मुंबईत आले होते, हे सांगितले की मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात. परीक्षेत या भागावर पाच गुणांचा प्रश्न ठरलेला असतो आणि मुले त्याचे उत्तर बिनचूक लिहितात. गेल्या वर्षी मार्चमध्ये हेच विष माझ्या मोठ्या भावाच्या रक्तात होते, आणि ते बाहेर काढण्याच्या एका महागड्या, वादग्रस्त उपचाराला संमती द्यायची की नाही, हे वहिनीला आणि मला रात्रीतून ठरवायचे होते.

दादाचे तासगाव तालुक्यात खते आणि बियाण्यांचे दुकान आहे. मधुमेह जुना, पण गोळ्यांवर आटोक्यात होता. द्राक्षाचा हंगाम चालू असताना गिऱ्हाइकांची ये-जा दिवसभर चालते, उन्हाचा तडाखा वाढलेला असतो आणि पाणी पिण्याची आठवण राहत नाही. डाव्या कुशीत दुखत होते, त्याला त्याने वात ठरवले होते. मग हुडहुडी भरून ताप आला, मेडिकलमधून आणलेल्या गोळीने तो उतरला आणि पुन्हा चढला. वहिनीला खरी भीती वाटली ती ताप पाहून नव्हे. तो मध्यरात्री उठून बसला आणि बागायतदारांच्या उधारीची वही मागू लागला. वही उशाशी ठेवली तरी तो तीच वही मागत राहिला. मधुमेही माणसाला थंडी वाजून ताप आला आणि त्यात बोलणे असंबद्ध झाले, तर उजाडेपर्यंत थांबायचे नसते, हे वहिनीला कुणी शिकवले नव्हते. तिने शेजाऱ्याची गाडी काढायला लावली आणि त्याला थेट मिरजेला आणले. त्या तासाभराचे मोल मला पुढे कळले.

मी पोहोचले तोवर जंतू वाढवून ओळखण्यासाठी रक्ताच्या कल्चरच्या बाटल्या भरून गेल्या होत्या, मेरोपेनेम या प्रतिजैविकाचा पहिला डोस सुरू झाला होता आणि दोन्ही हातांतून सलाइन वेगाने जात होते. रक्तदाब ७८ वर ४० होता. पेशींना रक्त पुरेनासे झाले की वाढणारे लॅक्टेट ६.८ आले होते. २०१६ मध्ये सेप्सिसची, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याची, जी नवी व्याख्या ठरली, तिच्यानुसार पुरेसे द्रव देऊनही सरासरी रक्तदाब ६५ वर टिकवायला औषधाचा आधार लागत असेल आणि लॅक्टेट २ च्या वर असेल, तर त्याला सेप्टिक शॉक म्हणतात. दादा त्या रेषेच्या बराच पलीकडे गेला होता. सीटी स्कॅनमध्ये डाव्या मूत्रवाहिनीत वरच्या बाजूला अडकलेला नऊ मिलिमीटरचा मूतखडा दिसला आणि त्याच्या मागे मूत्रपिंड तुंबून फुगलेले होते. मूत्ररोगतज्ज्ञांनी वेळ घालवला नाही. पाठीकडून मूत्रपिंडात नळी घालून त्यांनी तुंबलेले सगळे बाहेरच्या पिशवीत काढले. मी पिशवीकडे पाहिले तेव्हा तिच्यात लघवी अशी नव्हतीच. फुटलेल्या ताकासारखा पिवळट पू होता.

संसर्गाचा उगम मोकळा झाला, योग्य औषध सुरू झाले, म्हणजे आता उतार पडणार, अशी माझी समजूत होती. घडले उलटे. दुपारपर्यंत श्वास इतका वाढला की व्हेंटिलेटर लावावा लागला, लघवी जवळजवळ थांबली, आणि रक्तदाब धरून ठेवणाऱ्या नॉरॲड्रेनॅलिनचा वेग तासातासाला वाढवावा लागत होता. सोबत त्याच कामासाठी व्हेसोप्रेसिन आले, हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड आले. नर्सच्या तोंडी ‘सपोर्ट वाढवला’ हे दोनच शब्द असत आणि प्रत्येक वेळी ते ऐकून वहिनी माझ्याकडे बघत असे.

यामागचे कारण मला पाठ होते, म्हणूनच ते अधिक टोचत होते. प्रतिजैविक जिवाणूंना फोडते तेव्हा त्यांच्या आवरणातले एंडोटॉक्सिन एकदम रक्तात सुटते. ते आपल्या पेशींवरच्या टीएलआर-४ या ग्राहकाला (रिसेप्टरला) चिकटते, आणि तिथून सायटोकाइन या संदेशवाहक प्रथिनांची लाट उठते; रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांच्या भिंती झिरपू लागतात, बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात आणि अवयवांना रक्त पुरेनासे होते. या ग्राहकाचे काम उलगडल्याबद्दल ब्रूस ब्यूटलर यांना २०११ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला होता. म्हणजे जंतू मारणे आवश्यक आहे, ते टाळता येत नाही, पण मेलेले जंतूही काही काळ घात करत राहतात.

संध्याकाळी अतिदक्षता विभागाच्या प्रमुख डॉक्टरांनी आम्हा दोघींना समुपदेशनाच्या खोलीत बोलावले. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते हे त्यांना कळले होते, त्यामुळे त्यांनी आडवळण घेतले नाही. ते म्हणाले की मूत्रपिंडे बंद पडल्यामुळे डायलिसिस लागणार हे नक्की आहे आणि त्यासाठी मांडीच्या मोठ्या शिरेत जाड कॅथेटर घालावा लागणार आहे; त्याच मार्गाने आधी हिमोपरफ्यूजन करता येईल, त्याचा विचार तुम्ही करा.

डायलिसिस आणि हिमोपरफ्यूजन यांत लोकांची गल्लत होते, माझ्या घरच्यांचीही झाली, म्हणून इथे थोडे थांबते. डायलिसिसमध्ये रक्त आणि द्रव यांच्यामध्ये पातळ पडदा असतो आणि युरियासारखे लहान रेणू त्यातून पलीकडे जातात. एंडोटॉक्सिनचा एकटा रेणूच दहा ते वीस हजार डाल्टन (रेणूच्या वजनाचे एकक) इतका असतो, शिवाय रक्तात हे रेणू एकमेकांना चिकटून कितीतरी मोठे पुंजके बनवतात. ते साध्या पडद्यातून पार होत नाहीत. हिमोपरफ्यूजनमध्ये पडदा नसतो. रक्त थेट एका नळकांड्यातून जाते, आतल्या पदार्थाच्या पृष्ठभागावर नको असलेला रेणू चिकटून राहतो आणि बाकीचे रक्त परत शरीरात येते. आतला पदार्थ कोणता, यावर सगळे अवलंबून असते.

डॉक्टर ज्या नळकांड्याबद्दल, म्हणजे कार्ट्रिजबद्दल, बोलत होते त्याच्या आत पॉलिस्टायरीनच्या तंतूंवर पॉलिमिक्सिन-बी पक्के बांधलेले असते. पॉलिमिक्सिन हे १९४७ मध्ये जगापुढे आलेले जुने प्रतिजैविक. त्याचा धनभारित रेणू लिपिड-एच्या ऋणभारित भागाला घट्ट धरतो, त्यामुळे एंडोटॉक्सिन पकडायला त्याच्याइतके चांगले साधन नाही. अडचण एवढीच की ते शिरेतून दिले तर मूत्रपिंडांना आणि मज्जातंतूंना बाधते. जपानी संशोधकांनी त्यावर असा तोडगा काढला की औषध शरीरात सोडायचेच नाही, ते तंतूंना कायमचे बांधून ठेवायचे आणि रक्तच त्याच्या भेटीला आणायचे. जपानमध्ये हा उपचार १९९४ पासून आरोग्य विम्यात बसतो. मी फळ्यावर पॉलिमिक्सिन आणि लिपिड-एची जोडी कैकदा काढली होती, पण ती बाजारात नळकांड्याच्या रूपात मिळते हे मला केवळ वाचून माहीत होते.

“याने माणूस वाचतो का नाही, एवढं सांगा,” वहिनीने विचारले.

“वाचतो असं मी लिहून देणार नाही, वहिनी,” डॉक्टर म्हणाले. “काहींचा बीपीचा सपोर्ट याने कमी होताना मी पाहिलाय. काहींना काहीच फरक पडलेला नाही. आणि मोठ्या अभ्यासांत जगण्याचं प्रमाण वाढल्याचं सिद्ध झालेलं नाही. मॅडमना मी नावं देतो, त्या वाचतील.”

एका कागदावर त्यांनी तीन नावे लिहून दिली. विचार करायला रात्री दहापर्यंतचा वेळ होता, कारण कार्ट्रिज पुण्याहून मागवायचे होते. एका नगाची किंमत लाखाच्या वर होती आणि प्रथेप्रमाणे चोवीस तासांच्या अंतराने दोन सत्रे करतात, प्रत्येक सत्राला नवे कार्ट्रिज लागते. आमच्याकडे तेवढी सोय होती. बाहेरच्या बाकांवर रात्र काढणाऱ्या कित्येकांपुढे हा प्रश्न मांडलाही गेला नसता, हे त्या वेळीसुद्धा मनातून जात नव्हते.

मी जिन्याजवळच्या खुर्चीत बसून फोनवर ते अभ्यास वाचले. पहिला इटलीतला, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला युफास. पोटातल्या संसर्गामुळे शस्त्रक्रिया झालेले फक्त ६४ रुग्ण. अठ्ठावीस दिवसांतला मृत्युदर कार्ट्रिज वापरलेल्या गटात ३२ टक्के आणि न वापरलेल्या गटात ५३ टक्के. आकडे पाहून कुणाचाही जीव हुरळेल. पण अभ्यास ठरलेल्या संख्येआधीच थांबवलेला होता, आणि लहान अभ्यास मध्येच थांबवले की परिणाम फुगून दिसण्याचा धोका असतो, हे मी स्वतः विद्यार्थ्यांना बजावत असते. दुसरा फ्रान्समधला ॲब्डोमिक्स, २०१५ चा. आतडे फाटून पोटात संसर्ग पसरलेले दोनशेहून अधिक रुग्ण. इथे कार्ट्रिजच्या गटात २७.७ टक्के मृत्यू आणि दुसऱ्या गटात १९.५ टक्के. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरत नव्हता, तरी त्याची दिशा उलटी होती आणि ती पाहून माझ्या पोटात गोळा आला. तिसरा सगळ्यांत काटेकोर, उत्तर अमेरिकेतला युफ्रेटिस, २०१८ चा. ४५० रुग्ण, आणि नातेवाइकांना व उपचार करणाऱ्यांना गट कळू नये म्हणून दुसऱ्या गटात लटके सत्र केलेले. मृत्युदर ३७.७ विरुद्ध ३४.५ टक्के. म्हणजे फायदा नाही.

मात्र त्या तिसऱ्या अभ्यासात एक खोच होती, आणि माझा विचार तिच्याभोवती घुटमळत राहिला. त्यात रुग्ण घेण्याआधी रक्तातली एंडोटॉक्सिनची सक्रियता मोजली होती. नंतर केलेल्या फेरविश्लेषणात असे दिसले की ही सक्रियता ०.६० ते ०.८९ या पट्ट्यात असलेल्या रुग्णांत कार्ट्रिजने मृत्यू २६.१ टक्के, तर लटक्या सत्राने ३६.८ टक्के होते. त्याच्या वर, जिथे विषाचा लोंढाच आहे, तिथे दोन सत्रांची ताकद कमी पडत असावी असा तर्क मांडला गेला. तर्क मला पटण्यासारखा वाटला, पण अभ्यास संपल्यावर आकड्यांच्या ढिगातून शोधलेला उपगट म्हणजे पुरावा नव्हे, तो पुढच्या अभ्यासासाठीचा प्रश्न असतो. शिवाय ती सक्रियता मोजण्याची चाचणी आमच्या रुग्णालयात नव्हती. ज्या विषासाठी एवढा खटाटोप करायचा, ते रक्तात किती आहे हे न मोजताच करायचा, ही या उपचारातली मला सर्वांत अवघड वाटलेली गोष्ट आहे. सेप्सिसवरच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी २०२१ मध्ये पॉलिमिक्सिन हिमोपरफ्यूजन न करण्याकडे कल दाखवला आहे. ती शिफारस दुबळी आहे असे त्यांनीच म्हटले आहे, पण ती विरोधातली आहे.

मी खाली जाऊन डॉक्टरांना आणखी एक गोष्ट विचारली. सच्छिद्र मण्यांचे, सायटोकाइन शोषून घेणारे दुसरे कार्ट्रिज मिळते, ते का नको? त्यांचे उत्तर मला आवडले. ते म्हणाले की साइटोसॉर्बसारखे मणी सायटोकाइन पकडतात, एंडोटॉक्सिनसाठी ते केलेले नाहीत. आणि जर्मनीत ९७ रुग्णांवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रक्तातली इंटरल्यूकिन-६ या सायटोकाइनची पातळीसुद्धा त्याने सरस रीतीने उतरलेली दिसली नव्हती. रक्तातून भरमसाट द्रव गाळून सायटोकाइन काढण्याचा प्रयोगही होऊन गेला आहे. युरोपातल्या २०१३ च्या एका अभ्यासात १४० रुग्णांवर ताशी किलोमागे ७० मिलिलिटर आणि ३५ मिलिलिटर अशी तुलना केली, जास्त गाळल्याने जास्त लोक वाचले नाहीत. सायटोकाइन ही शरीराची स्वतःची यंत्रणा आहे, तिच्यातले हवे ते आणि नको ते एकत्रच गाळले जाते. एंडोटॉक्सिनचा मात्र शरीराला काही उपयोग नाही. निदान एवढ्यापुरते तरी पॉलिमिक्सिनचे गणित सरळ होते.

संमती आम्ही दिली. मूत्रमार्गातला संसर्ग म्हणजे जंतू बहुधा ग्राम-निगेटिव्हच असणार. पू आधीच काढलेला होता, त्यामुळे विषाचा झरा उघडा ठेवून वरून उपसा करण्यासारखे ते नव्हते. मांडीतला कॅथेटर डायलिसिससाठी पडणारच होता, म्हणजे सुई-टोचणीचा जादा धोका फारसा नव्हता. आणि सगळे प्रमाणित उपचार देऊनही सपोर्ट चढतच होता. सही वहिनीची होती. ती करण्याआधी तिने मला एवढेच विचारले, “यात त्यांचं नुकसान तर नाही ना होणार?” रक्त गोठण्याचा, रक्तस्रावाचा आणि प्लेटलेट घसरण्याचा धोका मी तिला सांगितला. तिने संमतीपत्राची दोन्ही पाने वाचून सही केली.

कार्ट्रिज पहाटे आले. रात्रपाळीच्या डायलिसिस तंत्रज्ञाने मला पायांना आवरणे घालून आत उभे राहू दिले, त्यामुळे मला तयारी जवळून पाहता आली. पारदर्शक नळकांडे, आत फिकट रंगाच्या तंतूंची घट्ट गुंडाळी, दोन्ही टोकांना टोपणे. आतले भरण-द्रव पूर्ण धुऊन काढल्याशिवाय ते माणसाला जोडता येत नाही. अर्ध्या लिटरच्या आठ बाटल्या सलाइन एकामागून एक त्यातून गेले, शेवटी रक्त गोठू न देणारे हेपॅरिन मिसळलेले सलाइन. तंत्रज्ञ नळकांडे उभे धरून तळहाताने बाजूला हलके ठोकत होता आणि तंतूंमध्ये दडलेले बुडबुडे वर सरकत होते. “एक बुडबुडा राहिला तरी तिथं रक्त अडतं, मॅडम, आणि अडलं की गोठतं,” तो म्हणाला. हे काम घाईने करता येत नाही, आणि पलीकडे माणूस अत्यवस्थ असताना ते घाई न करता करत राहणे हेच कौशल्य आहे, असे मला त्याच्याकडे पाहून वाटले.

हेपॅरिनचा प्रश्न नाजूक होता. प्लेटलेट चोपन्न हजारांवर आलेल्या, पाठीत नुकतीच घातलेली नळी, तिच्या पिशवीत पुवाबरोबर गुलाबी छटा. हेपॅरिन कमी दिले तर सर्किट गोठणार, जास्त दिले तर मूत्रपिंडातून रक्त वाहणार. मूत्ररोगतज्ज्ञ आणि अतिदक्षतेचे डॉक्टर यांच्यात फोनवर बोलणे झाले आणि अगदी थोडी मात्रा ठरली, दर अर्ध्या तासाला गोठण्याची वेळ तपासायची या अटीवर. मेरोपेनेमचा पुढचा डोसही सत्र संपल्यावर देण्याचे ठरले, कारण अशा उपचारात रक्ताबरोबर औषधही कमी होऊ शकते आणि सेप्सिसमध्ये प्रतिजैविकाची पातळी घसरणे परवडत नाही.

पंप सुरू झाला तेव्हा लाल टोपणाच्या नळीतून रक्त आले, कार्ट्रिजच्या तळातून वर चढत गेले आणि तंतूंची फिकट गुंडाळी बघता बघता गर्द होत गेली. पहिल्या काही मिनिटांत रक्तदाब खाली आला. शरीरातले रक्त बाहेर पडते आणि त्याच्या जागी आधी नळ्यांतले सलाइन आत जाते, त्यामुळे असे होते हे मला आधी सांगितलेले होते, तरी मॉनिटरवर ५१ हा सरासरी आकडा पाहताना मी पलंगाचा कठडा धरला. नर्सने नॉरॲड वाढवले, तंत्रज्ञाने पंपाचा वेग थोडा वेळ मिनिटाला ५० मिलिलिटरवर रोखून मग हळूहळू १०० वर नेला. दोन तासांचे सत्र. मनातल्या मनात हिशेब केला तर बारा लिटर रक्त त्या नळकांड्यातून जाणार होते, म्हणजे दादाच्या अंगातले सगळे रक्त दोनदा आणि वर थोडे. त्या दोन तासांत पाहण्यासारखे दुसरे काही घडत नाही. पंप फिरतो, दाबाचे आकडे थोडे वर-खाली होतात, नर्स नोंदी करते.

सत्र सुरू करताना नॉरॲड किलोमागे मिनिटाला ०.६२ मायक्रोग्रॅमपर्यंत गेले होते. संपल्यानंतर काही तास ते जागचे हलले नाही. दुपारपासून नर्सने ते थोडे थोडे उतरवायला सुरुवात केली आणि रात्रीपर्यंत ते ०.३५ वर आले. लॅक्टेट ३.९ झाले. दरम्यान प्रयोगशाळेतून कळले की रक्ताच्या बाटल्यांत जंतू वाढला आहे, तो ई. कोलाय आहे, ईएसबीएल हे प्रतिजैविके तोडणारे विकर बनवणारा आहे, म्हणजे नेहमीची सेफॅलोस्पोरिन गटातली प्रतिजैविके त्याच्यावर चालली नसती, आणि मेरोपेनेम त्याला लागू आहे. ज्या जिवाणूची ओळख मी पहिल्या वर्षाच्या पहिल्या प्रात्यक्षिकात करून देते, तोच हा.

नातेवाइकांनी ‘मशीनने चमत्कार केला’ असे फोनवरून सांगायला सुरुवात केली होती. मला ते म्हणवेना. नळीतून पू निघून आता दीड दिवस होत आला होता, योग्य औषधाचे अनेक डोस गेले होते, स्टेरॉइड चालू होते, आणि यांपैकी प्रत्येक गोष्टीला आपला परिणाम दाखवायला साधारण एवढाच वेळ लागतो. सत्र केले नसते तर त्या दुपारी काय दिसले असते, हे सांगणारा दुसरा दादा शेजारच्या खाटेवर नव्हता. म्हणूनच तर लटक्या सत्रांचे अभ्यास करावे लागतात. मला इतकेच म्हणता येईल की उपचाराने त्याला इजा झाली नाही आणि तो त्यानंतर सुधारू लागला.

दुसरे सत्र मात्र नीट झाले नाही. अर्ध्यावर असताना कार्ट्रिजच्या आधीचा दाब चढू लागला आणि अलार्म वाजला. गुंडाळीच्या एका बाजूला काळपट पट्टा दिसत होता. तंत्रज्ञाने सलाइन सोडून पाहिले, वेग कमी करून पाहिला, पण दाब उतरेना. सर्किट गोठले होते. अशा वेळी आतले रक्त परत देता येत नाही, कारण गुठळ्या शरीरात जाण्याची भीती असते; ते सगळे नळ्यांसकट पिवळ्या पिशवीत गेले. हेपॅरिन जपून दिल्याचा हा परिणाम होता आणि ते जपूनच द्यायला हवे होते, यात दोष द्यावा असे काही नव्हते. पुरवठादाराच्या माणसाने तिसरे कार्ट्रिज लगेच मिळू शकेल असे कळवले. डॉक्टरांनी नको म्हटले. सपोर्ट उतरतो आहे, प्लेटलेट आणखी खाली आलेल्या आहेत, आता यातून मिळण्यासारखे थोडे आणि गमावण्यासारखे जास्त आहे, हा त्यांचा निर्णय मला पहिल्या निर्णयापेक्षाही अधिक विश्वासाचा वाटला.

पुढचे सगळे नेहमीच्या वाटेने गेले. साधे डायलिसिस संथ गतीने काही वेळा झाले, मग लघवी परत येऊ लागली. व्हेंटिलेटर निघाला, तेव्हा दादा आम्हाला ओळखत होता, पण आपण दुकानातच आहोत आणि नर्स पावती देत नाही अशी त्याची तक्रार होती. तो भ्रम ओसरायला वेळ लागला. उजव्या पायाची दोन बोटे रक्तदाबाच्या औषधांमुळे टोकाला काळी पडली होती, ती कोरडी होऊन पुढे नुसती कातडी निघाली, बोटे राहिली. पायांतली शक्ती इतकी गेली होती की घरी आल्यावर उंबरा ओलांडायला त्याला दोघांचा आधार लागत असे. मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन १.६ वर स्थिरावले.

विमा कंपनीने अतिदक्षता, व्हेंटिलेटर, डायलिसिस हे सगळे मान्य केले आणि दोन्ही कार्ट्रिजची रक्कम नाकारली. कारण दिले ते हा उपचार प्रमाणित नसल्याचे. भाचा चिडला, तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाऊ म्हणाला. डॉक्टरांनी प्रकृतीचे सविस्तर पत्र दिले, ते आम्ही जोडले, उत्तर तेच आले. मला त्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे म्हणता येत नाही, कारण जी मार्गदर्शक सूचना त्यांनी पुढे केली ती मीच त्या रात्री जिन्याजवळ बसून वाचली होती. प्रश्न आहे तो असा की रुग्णालयाने उपचार सुचवताना हा खर्च विम्यातून मिळण्याची शक्यता कमी आहे हे स्पष्ट सांगायला हवे. आमच्या डॉक्टरांनी पुराव्याबद्दल सगळे सांगितले, पण पैशांचे बोलणे बिलिंगच्या खिडकीवर सोडले आणि त्या खिडकीवर कुणालाच काही माहीत नव्हते.

मूतखडा अजून आतच होता. तो लगेच काढत नाहीत. संसर्ग पूर्ण मिटल्यावर, आधी मूत्रवाहिनीत स्टेंट, म्हणजे बारीक नळी, घालून, मग दुर्बिणीने जाऊन लेझरने फोडतात. मूत्ररोगतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेआधी लघवीचे कल्चर दोनदा करायला लावले आणि त्याच्या निकालाप्रमाणे प्रतिजैविक आधीपासून चालू ठेवले. संसर्ग झालेल्या खड्याच्या आतही जंतू आणि एंडोटॉक्सिन अडकलेले असते, खडा फोडताना आत पाण्याचा दाब वाढला तर ते मूत्रपिंडातून थेट रक्तात ढकलले जाते, आणि लघवी स्वच्छ असतानाही शस्त्रक्रियेनंतर काही तासांत रुग्ण शॉकमध्ये जाऊ शकतो, हे त्यांनी आम्हाला चित्र काढून समजावले. दाब कमी ठेवीन, पू दिसला तर तिथेच थांबेन आणि पुन्हा नळी टाकून बाहेर येईन, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. पू दिसला नाही. त्या रात्री दादाला शंभरपर्यंत ताप आला, नर्सने दर तासाला रक्तदाब घेतला, लॅक्टेट पाठवले, ते १.४ आले. खड्याचे तुकडेही कल्चरला गेले होते. त्यांत ई. कोलाय वाढला, तोच ईएसबीएल बनवणारा, म्हणून प्रतिजैविक आणखी काही दिवस लांबवले आणि स्टेंट काढण्याची तारीख पुढे ढकलली.